मुंबई–फ्रँकफर्ट–प्राग: शिक्का कुठे, बॅग कुठे, कस्टम्स कुठे?

निळी_छत्री
आई-बाबा (वय ६६ आणि ७१) पहिल्यांदाच युरोपला निघालेत. दोघांकडे चेक प्रजासत्ताकाने दिलेला शेंगेन व्हिसा आहे. किती वेळा प्रवेश करता येईल त्या रकान्यात ०१ छापलंय. प्रवास असा:

जाताना मुंबई–फ्रँकफर्ट–प्राग, लुफ्तान्सा, एकाच तिकिटावर. फ्रँकफर्टला मधे १ तास २५ मिनिटं.
मग प्राग–अथेन्स. हे अजून काढलेलं नाही. सगळ्यात स्वस्त मिळतंय ते बेलग्रेडमार्गे.
येताना अथेन्स–झुरिक–मुंबई, स्विस, एकाच तिकिटावर.

इमिग्रेशन फ्रँकफर्टला होणार की प्रागला? बॅगा फ्रँकफर्टला उचलून परत द्यायच्या का? कस्टम्स कुठे? आणि खायचं काय नेता येईल? आईची यादी तयार आहे: तूप, पेढे, लोणचं, मसाले, आणि जमलं तर डझनभर हापूस.

घाटमाथा
पासपोर्ट, मोठी बॅग आणि हातातली बॅग, तिघांची तपासणी वेगवेगळ्या जागी होते. तिन्ही एकत्र धरलं की गोंधळ होतो, म्हणून एकेक घेऊ.

आधी पासपोर्ट. शेंगेन म्हणजे आपापसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट, त्यात सध्या २९ देश आहेत. बाहेरून येताना त्यातला जो पहिला विमानतळ लागेल तिथे इमिग्रेशन, म्हणजे तुमच्या बाबतीत फ्रँकफर्टला. व्हिसा चेकचा असला तरी तो तपासणार जर्मन पोलीस, आणि त्यात गैर काही नाही. कुठे जाणार, किती दिवस, परतीचं तिकीट, हॉटेल किंवा यजमानाचा पत्ता, विमा हे सगळं तिथेच विचारतात. म्हणून हे कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत गेले तर ते थेट प्रागलाच भेटतील.

आता शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद होते. ही प्रवेश-निर्गम नोंदणी, म्हणजे ईईएस, १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि सगळ्या सीमांवर लागू होण्याची तारीख १० एप्रिल २०२६ ठरली. तुमच्या आई-बाबांनी बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळी दिलेले आहेत, ते पुन्हा नोंदवत नाहीत, फार तर जुळवून बघतात. चेहऱ्याचा फोटो मात्र तिथे नव्याने काढतात. पहिल्या खेपेला याला वेळ लागतो आणि रांग त्यामुळेच लांबते. चष्मा, टोपी, मास्क आधीच काढून उभं राहायला सांगा.

प्रागला विमान टर्मिनल २ ला लागेल, तो शेंगेनच्या विमानांचा भाग. तिथे पासपोर्टची रांगच नाही, उतरलं की सरळ सामानाच्या पट्ट्यावर. हे आधी सांगून ठेवा. पहिल्यांदा जाणारी माणसं 'आपलं इमिग्रेशन राहिलं' म्हणून तिथे कुणाला तरी शोधत फिरतात.

मोठी बॅग. एकाच तिकिटावर प्रवास आहे, त्यामुळे ती मुंबईहून थेट प्रागला. फ्रँकफर्टला हात लावायचा नाही. पण मुंबईच्या काउंटरवर टॅग वाचल्याशिवाय हलू नका. लांब पट्टीवर सर्वांत ठळक तीन अक्षरं शेवटच्या विमानतळाची असतात: प्रागसाठी पीआरजी. मधला थांबा, एफआरए, त्याहून बारीक. बारकोडजवळ दहा आकडे असतात. पहिला बहुतेक वेळा ०, पुढचे तीन विमान कंपनीचे (लुफ्तान्साचे २२०), उरलेले सहा तुमच्या बॅगेचे. हेच दहा आकडे हातात मिळणाऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर आहेत ना, ते जुळवून बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. नुसतं एफआरए छापलं असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या, विमान सुटल्यावर ते निस्तरणं फार अवघड जातं. गेल्या प्रवासाचे जुने टॅग आणि बारकोडचे बारके स्टिकर घरीच सोलून टाका. पट्ट्यावरचं यंत्र जुना बारकोड वाचतं आणि बॅग भलतीकडे जाते.

कस्टम्स. विमानाच्या पोटात टाकलेल्या बॅगेचं कस्टम्स युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, म्हणजे प्रागला. हातातल्या बॅगेचं मात्र नियमाने संघातल्या पहिल्या विमानतळावर, म्हणजे फ्रँकफर्टला. फ्रँकफर्टला बहुतेक प्रवासी कुणीही न अडवता पुढे जातात. पण हातातल्या बॅगेत जाहीर करण्यासारखं काही असेल तर ते प्रागपर्यंत नेऊन चालत नाही, तिथेच सांगावं लागतं.

प्रागला बाहेर पडताना निळा मार्ग दिसला तर त्यातून जाऊ नका. तो संघातल्या देशांतून निघालेल्यांसाठी आहे. संघातल्या विमानतळावर दिलेल्या बॅगेच्या टॅगला दोन्ही कडांनी हिरवी पट्टी असते. मुंबईचा टॅग साधा पांढरा. फ्रँकफर्टहून आलेल्या हिरव्या कडांच्या बॅगांमध्ये पांढऱ्या टॅगची बॅग कस्टम्सवाल्याला दुरूनच ओळखू येते. जाहीर करण्यासारखं नसेल तर हिरवा मार्ग, असेल तर लाल.

धावपट्टी_२७
१ तास २५ मिनिटांबद्दल. फ्रँकफर्टला लुफ्तान्साची किमान जोडवेळ, म्हणजे विमान बदलायला लागणारा कमीत कमी वेळ, ४५ मिनिटं धरतात, त्यामुळे तिकीट नियमात बसतं. सत्तरीच्या माणसांना, तेही पहिल्यांदा, ते पुरेल असं मला वाटत नाही.

त्या वेळात काय काय बसवायचंय ते बघा. मुंबईचं विमान शेंगेनबाहेरच्या भागात लागतं, टर्मिनल १ मध्येच पण बी, सी किंवा झेड गेटांकडे. प्रागचं विमान बहुधा ए कडून सुटतं. मधे दोन अडथळे: हातातल्या सामानाची सुरक्षा तपासणी आणि पासपोर्ट. आधी कोणता लागेल हे विमान कुठे लागलं त्यावर. मुंबईला सुरक्षा तपासणी झालेली असली तरी युरोपात ती पुन्हा होते. बी आणि ए मधलं अंतर भुयारी मार्गाने चालायचं आहे. गेट सुटण्याआधी बंद होतं, म्हणजे हातात खरा तास-सव्वा तासच. विमान अर्धा तास उशिरा आलं की संपलं.

एकाच तिकिटावर असल्याने विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीवर बंधनकारक आहे, तो पैशाचा धोका नाही. त्रास माणसांचा आहे. शक्य असेल तर कंपनीला फोन करून प्रागचं नंतरचं विमान मागा, अडीच-तीन तास मिळतील असं.

आणि व्हीलचेअरची मदत आजच नोंदवा. आई-बाबा धडधाकट असले तरी. युरोपीय नियमात ही मदत फुकट आहे, मात्र निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, यासाठी डब्ल्यूसीएचआर हा प्रकार सांगा. विमानाच्या दारापासून पुढच्या गेटपर्यंत माणूस सोबत असतो, तोच सुरक्षा आणि पासपोर्टच्या रांगांतून नेतो. भाषेचा प्रश्नही तिथेच मिटतो. फक्त दारात उतरल्यावर थांबायचं, गर्दीबरोबर पुढे चालू लागायचं नाही. लोक पुढे निघून जातात आणि मदतनीस मागे शोधत राहतो, हे सर्रास होतं.

तिसरा_थांबा
बेलग्रेडमार्गे तिकीट अजिबात काढू नका. या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

सर्बिया शेंगेनमध्ये नाही. प्राग–बेलग्रेड म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणं, मग विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही तरी. प्रागच्या टर्मिनल १ वर निर्गमाची नोंद होणार आणि तिथे व्हिसावरचा ०१ संपला. बेलग्रेड–अथेन्स हा दुसरा प्रवेश. तो तुमच्या व्हिसात नाही. जागरूक कर्मचारी असेल तर प्रागच्या चेक-इनलाच अडवेल, आणि ते त्यातल्या त्यात बरं. नसेल तर बेलग्रेडला किंवा अथेन्सच्या खिडकीवर अडकतील. मुदत शिल्लक असली तरी उपयोग नाही, प्रवेशांची संख्या आणि मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाच सापळा इस्तंबूल, लंडन, तिराना यांच्यामार्गे जाणाऱ्या स्वस्त तिकिटांत असतो. डब्लिन आणि लार्नाका इथे लोक जास्त फसतात, कारण आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. लंडनचं आणखी एक: भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही तिथला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि पर्यटनाचा शेंगेन व्हिसा असल्याने त्यातून सूट मिळत नाही.

थेट प्राग–अथेन्स घ्या, किंवा व्हिएन्ना, म्युनिक, वॉर्सा असं शेंगेनमधलंच ठिकाण मधे असू द्या. मग वाटेत पासपोर्टची नेहमीची रांग कुठेच नाही. पासपोर्ट मात्र हाताशीच ठेवा, विमान कंपनी ओळखीसाठी मागू शकते.

स्वस्त विमान कंपनी घेणार असाल तर वजनाकडे बघा. मुंबईहून निघताना तिकिटावर प्रत्येकी २३ किलो असेल, तर प्राग–अथेन्सच्या सर्वांत स्वस्त भाड्यात मोठी बॅग मुळीच नसते. ती तिकिटाबरोबरच विकत घ्या, काउंटरवर तीच कितीतरी महाग पडते. अशा कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे कागद काउंटरवर बघून मगच आत सोडतात, त्यामुळे मोबाइलवर बोर्डिंग पास आला म्हणून थेट सुरक्षा तपासणीकडे जाऊ नका.

फोडणीची_मिरची
ताई, आईंच्या यादीबद्दल.

तूप आणि पेढे काढा. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत. स्वतःच्या खाण्यापुरते असले तरी नाही. चक्का, श्रीखंड, खवा, पनीर, बर्फी सगळं त्यात आलं. कारण जनावरांचे रोग, मुख्यतः लाळ्या-खुरकत. सापडलं तर जप्त होतं, आणि लपवून नेलेलं आढळलं तर दंड. तुपातल्या लाडवांवरून कस्टम्सच्या माणसाशी प्रागला हुज्जत घालत बसण्यापेक्षा तेलातला चिवडा आणि चकली न्या.

हापूसही नाही. ताज्या फळाला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, नारळ, केळी, खजूर, ड्युरियन. आंब्याच्या बाबतीत ते लोक फळमाशीला घाबरतात. २०१४ च्या मे महिन्यापासून संघाने भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती ती त्यामुळेच, २०१५ च्या जानेवारीत उठवली. कढीपत्त्याची ताजी पानंही तशीच अडकतात, वाळवून पूड करून न्या.

मसाले, पापड, कुरडया, डाळी, मेतकूट, चटण्या: चालतं. लोणचं चालतं, पण मोठ्या बॅगेतच. ते पातळ पदार्थात मोडतं, हातातल्या बॅगेत १०० मिलिच्या वर असेल तर सुरक्षा तपासणीत जातं. ठेचा, चिंचेचा कोळ, खोबरेल तेल सगळ्यांना हाच नियम. बाटलीचं झाकण उघडून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, झाकण पिळून बसवा, वरून चिकटपट्टी आणि दोन पिशव्या. विमानाच्या पोटात दाब बदलतो आणि तेल झाकणाच्या आट्यांतून वर चढतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं मोकळी सोडा. सुके बोंबील न्यायचे असतील तर मासळीला वेगळी मुभा आहे, २० किलोपर्यंत. मधाला २ किलो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र विमानातच नेऊ देत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात.

घरच्या पिशव्यांतल्या पुडींवर इंग्रजीत नाव लिहा. बिनलेबलाची पांढरी पावडर, मग ती तांदळाची पिठी का असेना, उघडून बघितली जाते आणि तेवढा वेळ जातो.

वस्तूंची मर्यादा विमानाने येणाऱ्या प्रत्येक प्रौढाला ४३० युरो. भेट म्हणून नेलेला दागिना यात मोजतात, अंगावरचा नेहमीचा वापरातला नाही. आणि एकच ७०० युरोची वस्तू 'अर्धी माझी, अर्धी हिची' अशी दोघांत वाटता येत नाही. रोख १०,००० युरो किंवा जास्त असेल तर जाहीर करायची, आणि सोन्याची नाणीही या रोख रकमेत धरतात.

निळी_छत्री
सगळ्यांचे खूप आभार. बेलग्रेड रद्द, थेट अथेन्स काढते. लुफ्तान्साने प्रागचं नंतरचं विमान दिलं, आता फ्रँकफर्टला तीन तास आहेत. येतानाचं कुणी सांगेल का? प्रागला काचेच्या वस्तू घ्यायच्या आहेत, त्यावरचा कर परत मिळतो म्हणतात. तो शिक्का झुरिकला घ्यायचा ना?

घाटमाथा
नाही, अथेन्सला. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही. त्यामुळे पासपोर्टच्या हिशेबात शेवटचा विमानतळ झुरिक, आणि कस्टम्सच्या हिशेबात अथेन्स. निर्गमाची नोंद झुरिकला, कराच्या कागदावरची मोहोर अथेन्सला, हातातल्या आणि मोठ्या दोन्ही बॅगांतल्या वस्तूंसाठी. वस्तू प्रागला घेतल्या असल्या तरी संघातून बाहेर पडण्याची जागा अथेन्सच.

क्रम चुकवू नका. आधी चेक-इन, तिथे सांगायचं की बॅगेत कर-परताव्याच्या वस्तू आहेत. ते टॅग लावून बॅग परत देतात. ती घेऊन कस्टम्सच्या खिडकीवर: वस्तू, दुकानाचं फॉर्म, पावती, पासपोर्ट, बोर्डिंग पास. मोहोर झाली की बॅग द्यायची. आधीच बॅग देऊन टाकली तर दाखवायला वस्तूच नसते आणि मोहोर मिळत नाही. वस्तू न वापरलेल्या असाव्या लागतात, आणि ज्या महिन्यात घेतल्या त्यानंतरचे तीन महिने संपायच्या आत संघाबाहेर गेल्या पाहिजेत. काच हातातल्या बॅगेतच ठेवा.

परतीचा प्रवास अथेन्स–फ्रँकफर्ट–मुंबई असता तर उत्तर वेगळं आलं असतं: मोठ्या बॅगेतल्या वस्तूंची मोहोर अथेन्सला, हातातल्या बॅगेतल्या वस्तूंची फ्रँकफर्टला.

झुरिकला शेंगेनचं विमान ए किंवा बी कडे लागतं आणि मुंबईचं बहुधा ई कडून सुटतं. ई ही इमारत धावपट्टीच्या पलीकडे आहे. पासपोर्ट तपासणी करून भुयारी स्कायमेट्रोने जायचं, प्रवास दोन-तीन मिनिटांचा. बोगद्यात गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या तर घाबरायला नको, ते मुद्दाम लावलेलं आहे. पाणी, खाणं बघायचं असेल तर आधी ई ला पोचा आणि मग बसा. पासपोर्टची रांग मागे ठेवूनच निवांत व्हावं.

धावपट्टी_२७
दोन गोष्टी राहिल्या.

युरोपातल्या छोट्या विमानांत वरचे कप्पे अरुंद असतात आणि दारातच हातातली चाकांची बॅग काढून पोटात टाकायला घेतात. अशा वेळी पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट, कागद बाहेर काढायचे. पॉवर बँक पोटात चालतच नाही. मर्यादा १०० वॅट-तास. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४, त्यामुळे नेहमीच्या सगळ्या बसतात. हे सामान आधीपासूनच एका छोट्या पिशवीत वेगळं बांधून त्या बॅगेत वर ठेवलं की दारात उलथापालथ करावी लागत नाही.

दुसरं, प्रागला पट्टा थांबला आणि बॅग आली नाही तर. सामानाच्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर जा आणि पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, करून घ्या. ती शेवटचं विमान ज्या कंपनीचं तिच्याकडे. तिथे टॅगचा तो तुकडा लागतो. नोंदीचा क्रमांक असा असतो: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, पुढे पाच आकडे. त्यावरून बॅग कुठे आहे ते घरबसल्या बघता येतं. पत्ता प्रागच्या मुक्कामाचा द्या, पुण्या-मुंबईचा नको, आणि अथेन्सला कधी निघणार ती तारीखही लिहून द्या, म्हणजे बॅग मागोमाग तिकडे पाठवता येते. मधल्या काळात कपडे, दाढीचं सामान घ्यावं लागलं तर पावत्या जपा.

बॅग फुटून आली तर लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत. माँट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआर आहे. हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. भरपाई प्रवाशामागे आहे, बॅगेमागे नाही. म्हणून बांधताना दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे टाका, एक बॅग अडकली तरी दोघांकडे बदलायला काहीतरी राहतं. आणि बॅगेच्या आत, सगळ्यात वर, नाव, प्रागचा पत्ता आणि तिथला फोन लिहिलेला कागद ठेवा. बाहेरचा टॅग फाटला तर बॅग उघडून तेवढंच वाचतात.

फोडणीची_मिरची
त्या कागदावर फोनच्या आधी देशाचा क्रमांक लिहायला विसरू नका, भारताचा ९१, चेकचा ४२०. आणि उघडलेल्या बॅगेत मसाल्याची पूड सांडलेली नको, सगळ्या पुड्या वेगळ्या डब्यात.